थट्टेचं नातं

कॅप्टन लोबातोने निघायची तयारी दीड महिना आधीच सुरू केली होती, आणि ती इतकी चोख होती की बघत राहावं. जनरेटर कुणाच्या ताब्यात द्यायचा, पावाची भट्टी चालू ठेवायची की विझवायची, प्रार्थनेच्या खोलीतली मरियम बरोबर न्यायची की इथेच ठेवायची, फुटबॉलच्या गोलच्या जाळ्यांचं काय करायचं, सगळं कागदावर होतं. सारे मौंदे या गावाच्या छावणीत चौऱ्याण्णव गोरे शिपाई होते. कोण कुठल्या ट्रकमध्ये कुठल्या बाकावर बसणार, हेसुद्धा ठरलं होतं. एप्रिलात तिकडे पोर्तुगालात, लिस्बनला सरकार उलथलं, नव्या सरकारने सांगून टाकलं की गिनी आता गिनीवाल्यांची, आणि इतकी वर्षं ज्यांच्याशी लढलो त्या रानातल्या लोकांच्या हाती सगळं सोपवून सप्टेंबरच्या दुसऱ्या सोमवारी निघायचं. एकही गोळी न सुटता. ‘एकही गोळी न सुटता’ हे वरून आलेल्या हुकमात दोनदा लिहिलेलं होतं.

कॅप्टनच्या कागदावर फक्त एका गोष्टीपुढची जागा मोकळी होती. एकतीस रायफली.

त्या रायफली गोऱ्यांनी दिलेल्या, पण हातात आमच्या माणसांच्या. सारे मौंदेची गावराखण तुकडी म्हणजे तीस गडी, आणि त्यांच्यावर एकतिसावा सार्जंट येरो बाल्दे. येरो चाळिशीचा, उंच, जरासा वाकलेला, आणि स्वतःच्या पोर्तुगीजवर भारी खूश असलेला माणूस. बारा वर्षं तो छावणी आणि गाव यांच्यामधला दुभाषा होता. गावात कुणाची बायको रुसली तरी येरो, छावणीत कुणाचं घड्याळ हरवलं तरी येरो. लोक त्याला ‘कोतो येरो’ म्हणत, म्हणजे थोरला भाऊ. त्याच्या बरोबरीचेही आणि त्याच्याहून मोठेही म्हणत आणि त्याला ते आवडायचंसुद्धा.

कॅप्टनने त्याला खोलीत बोलावलं तेव्हा बाहेर पाऊस कोसळत होता आणि आत दोन शिपाई कपाटं रिकामी करत होते.

“येरो, रायफली शुक्रवारपर्यंत माझ्याकडे जमा हव्यात.”

“आणि साहेब, मग आमचं?”

“तुमचं काय? करारात स्पष्ट लिहिलंय. जुन्या सैन्यातल्या कुणालाही कुणी त्रास देणार नाही.”

“करार वाचता येणारी माणसं लिहितात साहेब. बिलोंकोच्या ओढ्यावर जे मेले, त्यांच्या भावांना वाचता येतं का?”

बिलोंकोचा ओढा कॅप्टनलाही ठाऊक होता. दोन वर्षांपूर्वी तिथे आमच्या तुकडीने दबा धरून रानातले नऊ जण मारले होते. त्याबद्दल याच कॅप्टनने सगळ्यांना रांगेत उभं करून पाठीवर थाप मारली होती आणि बिअर पाजली होती. निम्मे लोक दारूला शिवत नाहीत, त्यांना संत्र्याचं सरबत.

“मला चौऱ्याण्णव पोरं त्यांच्या आयांकडे न्यायची आहेत,” कॅप्टन शेवटी म्हणाला. “तुझी माणसं हत्यारं घेऊन रस्त्याकडेला उभी राहिली आणि एकाचं जरी डोकं फिरलं, तरी माझी पोरं मरतील. युद्ध संपल्यावर मरतील. मला मदत कर.”

तो वाईट माणूस नव्हता. हे सांगावं लागतं, कारण आता त्याला शिव्या घालणं फार सोपं आहे. त्याला फक्त चौऱ्याण्णवपर्यंतच मोजता येत होतं.

*

तुकडीतले लोक येरोच्या भाच्याच्या अंगणात जमले. भाचा म्हणजे सांबेल बाल्दे, येरोची बहीण कुम्बा हिचा एकुलता एक मुलगा. चोविशीचा, नुकतंच लग्न झालेला, बोलायला फटकळ आणि नेमबाजीत अख्ख्या तुकडीत पहिला. बाप लहानपणीच गेला. येरोनेच त्याला वाढवलं, येरोनेच त्याला तुकडीत घेतलं, आणि ओढ्यावरही येरोच घेऊन गेला होता. कुम्बाने तेव्हा एकच विचारलं होतं, “दादा, तू बरोबर आहेस ना?” तो हो म्हणाला, त्यावर ती पुढे काही बोलली नव्हती.

चहाची किटली निखाऱ्यावर होती. पहिला कडू घोट सगळ्यांनी घेतला आणि सांबेलने सरळ मुद्द्याला हात घातला.

“मामा, सेनेगलची हद्द इथून अकरा किलोमीटर. बायका-मुलं, गुरं, जेवढी भांडी डोक्यावर मावतील तेवढी, आणि रायफली. पहाटे निघालो तर जेवणाच्या वेळेला पलीकडे. तिथे आपलीच माणसं आहेत, आपलीच भाषा आहे. रायफल हातात असली तर वाटेत कुणी आडवं येणार नाही.”

“आणि भुईमूग?” मालाम म्हणाला. मालाम तुकडीतला सगळ्यात म्हातारा, पन्नाशीचा, आणि सगळ्यात टवाळ. “दोन महिन्यांत काढायला येतोय. तो काय माझ्या मागे चालत येणार?”

“भुईमूग खायला तू तर हवास.”

“मी नसलो तर माझी बायको खाईल. तशीही तीच खाते.”

सगळे हसले, पण सांबेल हसला नाही. “मामा, तुम्ही बोला. तुम्ही म्हणाल तसं.”

तीस जण येरोकडे बघत राहिले. येरोला मनातून सांबेलचंच पटत होतं. रात्रभर त्याच्याही डोक्यात ते अकरा किलोमीटर घोळत होते. पण कॅप्टनचा चेहरा डोळ्यापुढून हलेना. बारा वर्षं त्याचं मीठ खाल्लं, आता त्याच्या पोरांच्या जिवाला घोर लावून पळायचं? आणि नाही पळायचं तर या तीस जणांना कुणाच्या भरवशावर ठेवायचं?

“दोन दिवस थांबा,” तो म्हणाला. “परवा रानातल्यांचा माणूस बोलणी करायला येतोय. त्याचं तोंड तर बघू.”

“तोंड बघून काय होणार?”

“बघू तर खरं, भाच्या. पळायला काय, अकरा किलोमीटर कुठे जात नाहीत.”

सांबेलने मान हलवली. त्याला पटलं नव्हतं, पण मामाचा शब्द मोडायची त्याला सवय नव्हती.

*

रानातल्यांचा माणूस आला तो चिखलाने माखलेल्या सायकलवरून. बरोबर सहा बंदूकवाले, तेही सायकलवर. बारीक अंगाचा, दाढीत दोनचार पांढरे केस, डोक्यावर चेपलेली टोपी. छावणीच्या फाटकाबाहेर सावरीच्या मोठ्या झाडाखाली टेबल मांडलं होतं. एका बाजूला कॅप्टन लोबातो आणि त्याचे दोन अधिकारी, दुसऱ्या बाजूला तो. मागे आमची तुकडी रायफली खांद्याला अडकवून उभी, चेहरे दगडासारखे. इतकी वर्षं ज्याला फक्त झाडीतून येणाऱ्या गोळीने ओळखलं, तो माणूस समोर खुर्चीवर बसून ओले बूट काढत होता.

येरोने रीतीप्रमाणे सुरुवात केली. “मी सार्जंट येरो बाल्दे. कॅप्टनसाहेबांचं बोलणं मी तुम्हाला सांगेन, तुमचं त्यांना.”

तो माणूस बूट तसाच हातात धरून वर बघायला लागला. “काय म्हणालास? बाल्दे?”

“बाल्दे.”

“मी बोंको जालो.”

जालो आणि बाल्दे या दोन कुळांत पिढ्यान्‌पिढ्या थट्टेचं नातं. जालोने बाल्देला गुलाम म्हणायचं, बाल्देने जालोला चोर म्हणायचं, आणि कुणी रागवायचं नाही. मयताच्या घरीसुद्धा चालतं. ज्याची थट्टा करायची त्याच्या अडीअडचणीला धावायचं, आणि त्याचं रक्त कधी सांडायचं नाही. जालोने बाल्देचं रक्त सांडलं तर त्याच्या गाईंचं दूध आटतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

“तरीच,” बोंको जालो म्हणाला. “तरीच मला फाटकातच वास आला. म्हटलं, आमच्या आजोबांचे पळून गेलेले गुलाम इथेच कुठेतरी असणार.”

येरोला उत्तर द्यायचं नव्हतं. कॅप्टन बाजूला बसला होता, हाताखालची माणसं मागे होती, समोर शत्रू होता. पण जीभ ऐकते का? ही लहानपणापासूनची सवय.

“पळून नाही गेलो. तुझ्या आजोबाने आम्हाला विकायला नेलं होतं, पण बाजारातच तो आमच्या गाई चोरताना सापडला. त्याला सोडवून आणायला आम्हीच गेलो.”

मागून कुणीतरी खुदकन हसलं.

“गाई?” बोंको म्हणाला. “बाल्देंच्या गाई? अरे, तुमच्या घरात गाय आली तर शेजारीपाजारी बघायला येतात. तुझ्या आजाला आमच्या आजाने उन्हाळ्यात विकलं आणि पावसाळ्यात गिऱ्हाइकाने परत आणून दिलं. म्हणाला, काम करत नाही आणि खातो फार.”

“खायला होतं म्हणून खाल्लं. तू अकरा वर्षं रानात पाला चघळलास, बघ, तोंड शेळीसारखं झालंय. ती दाढीसुद्धा शेळीचीच.”

आता मात्र मालामला राहवेना. “कोतो, त्याला विचार, सायकल कुठल्या गावातून उचलली? जालोकडे स्वतःचं असं काही नसतं.”

“हा कोण? हाही बाल्दे?”

“तेवीस बाल्दे आहोत,” मालाम छाती काढून म्हणाला, “आणि उरलेले आमचे जावई.”

“तेवीस गुलाम एकाच जागी,” बोंको जालोने कपाळाला हात लावला. “आणि मी अकरा वर्षं उगीच रानावनात शोधत फिरलो.”

मग जे हसू फुटलं ते महिनाभर कोंडलेलं होतं. खांद्यावरच्या रायफली गदागदा हलत होत्या. बोंकोबरोबरचे बंदूकवालेही हसायला लागले. कॅप्टन लोबातोचा हात मात्र पिस्तुलाकडे गेला होता. आवाज चढलेले, बोटं रोखलेली, त्याला वाटलं आता होणार काहीतरी.

“येरो, भांडण कशावरून?”

“भांडण नाही साहेब,” येरो डोळे पुसत म्हणाला. “काम झालं. तुम्ही तुमच्या कागदावर लिहून टाका, झालं म्हणून.”

आणि तो हे मनापासून बोलला. त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. महिन्यात पहिल्यांदा त्याला सणकून भूक लागली.

*

शुक्रवारी सकाळी रायफली जमा झाल्या. एकेक जण यायचा, टेबलावर रायफल ठेवायचा, शिपाई नंबर वाचायचा, येरो नंबरापुढे नाव लिहायचा. कॅप्टनला यादी दोन प्रतींत हवी होती, एक स्वतःला आणि एक रानातल्यांना, कारण करारात तसं होतं. येरोचं अक्षर सुंदर, त्यामुळे दोन्ही प्रती त्यानेच लिहिल्या. तीस नावं झाली की स्वतःचं लिहायचं असं त्याने ठरवलं होतं.

एकोणतीस झाली. सांबेल आला नाही.

येरो त्याच्या घरी गेला. सांबेल उंबऱ्यावर बसला होता, रायफल मांडीवर आडवी. आत त्याची बायको बोचकं बांधत होती, आणि येरोला बघून तिने ते पाठीमागे सारलं. कुम्बा अंगणात तांदूळ पाखडत होती. तिने मान वर केली नाही.

“काय रे? कॅप्टन तुझी वाट बघतोय.”

“मामा, मी जातो. तुम्ही सगळे राहा. मी आणि ही दोघंच. रायफल घेऊन जातो.”

“आणि मग? एक कमी भरली की कॅप्टन काय म्हणेल? बोंको काय म्हणेल? एक जण हत्यार घेऊन पळाला, म्हणजे बाकीच्यांच्या मनात काय असेल! तू एकटा वाचशील आणि एकोणतीस जण अडकतील.”

“आणि मी दिली तर तिसावा अडकेल.”

येरो त्याच्याशेजारी उंबऱ्यावर बसला. “लेका, तू तिथे होतास ना परवा? हसलास ना? माझ्यापेक्षा जोरात हसलास. तो पोर्तुगीज नाही सांबेल, तो जालो आहे. साहेबाचा करार पाण्यात घाल, मलाही त्याच्यावर भरवसा नाही. पण जालो बाल्देचं रक्त सांडत नाही. तुझ्या पणजोबाच्या काळात नाही सांडलं, एवढ्या मारामाऱ्या झाल्या तेव्हा नाही सांडलं. आता सांडेल?”

“ओढ्यावर जे मेले त्यात जालो होता की नाही, आपण विचारलं होतं का?”

येरोच्या मनात आलं, अंधारात कुणी कुणाचं आडनाव विचारतं?

“मी सांगतोय ना,” तो म्हणाला. “मी तुला कधी खड्ड्यात घातलंय?”

सांबेल उठला. आईकडे बघितलं. कुम्बा म्हणाली, “मामा सांगतोय तर ऐक,” आणि पुन्हा सूप हलवायला लागली. सांबेलने रायफल येरोच्या हातात दिली, स्वतः टेबलापर्यंत आला नाही. येरोने ती खांद्याला अडकवून नेली आणि तिसावं नाव लिहिलं. मग स्वतःचं.

*

सोमवारी झेंडा उतरला. पाऊस नव्हता, त्यामुळे सगळं नीटनेटकं पार पडलं. चौऱ्याण्णव शिपाई आपापल्या ट्रकमध्ये आपापल्या बाकांवर बसले. कुणी गात होतं, कुणी रडत होतं, एकाने आपली मच्छरदाणी मालामला दिली. कॅप्टनने याद्या बोंको जालोच्या हाती दिल्या, सही घेतली, हात मिळवला, आणि जीपकडे जाता जाता येरोच्या खांद्याला धरून त्याला बाजूला घेतलं.

“ऐक. हद्दीकडच्या रस्त्यावर गुरुवारपर्यंत कुणी नाही. मी नकाशात बघितलंय. गुरुवारी ते पुलावर पहारा बसवतील.”

“हे मला कशाला सांगताय साहेब?”

“मी काही सांगत नाहीये.” कॅप्टन त्याच्याकडे न बघता बोलत होता. “फक्त गुरुवार म्हटलं.”

येरोला त्या क्षणी त्याची कीव आली. बारा वर्षं इथे काढली तरी माणसाला काही कळलं नाही. “साहेब, तुम्ही निवांत जा,” तो हसून म्हणाला. “तुम्हाला आमचं नातं नाही कळायचं.”

कॅप्टन जीपमध्ये बसला. ट्रक निघाले. एकही गोळी सुटली नाही. त्याचं काम, खरंच, कुणी नावं ठेवावीत असं झालं नव्हतं.

गुरुवार आला आणि गेला. येरोने त्या चार दिवसांत हद्दीचा विचारही केला नाही. बोंको जालो छावणीत राहायला आला. सकाळी तो फाटकात उभा राहून गुलामांची हजेरी घेतो म्हणायचा, आणि येणारा-जाणारा प्रत्येक बाल्दे त्याला काहीतरी टोला लगावून जायचा. मालामने तर त्याच्या सायकलची घंटाच पळवली आणि दोन दिवसांनी ती त्यालाच विकत घ्यायला लावली. सांबेलही हळूहळू हसायला लागला. एकदा येरोला म्हणाला, “मामा, मी उगीच घाबरलो होतो हो,” आणि येरोला इतकं बरं वाटलं की त्याने घरी कोंबडी कापायला सांगितली.

अठरा दिवस असे गेले.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी बोंको जालो येरोच्या अंगणात आला. एकटाच, सायकल हातात धरून.

“ये रे चोरा,” येरो म्हणाला. “कोंबड्या आत घ्या गं, जालो आलाय.”

“नमस्कार, बाल्देभाऊ,” बोंको म्हणाला. “घरची मंडळी बरी आहेत ना? मुलं बरी आहेत? गुरं बरी आहेत?”

येरो हसला. हा नवीनच खेळ काढलाय, असं त्याला वाटलं. “अरे वा, शेळी माणसासारखी बोलायला लागली. कुणी शिकवलं?”

“तुमची प्रकृती बरी आहे ना, भाऊ?”

बोंको खाली बघत होता. येरोने पुन्हा एक टोला मारला, मग आणखी एक, आजोबाला मध्ये आणलं, गाईला आणलं, आईलासुद्धा आणलं, जे एरवी कुणी आणत नाही. बोंको ऐकत होता आणि मान हलवत होता, जसा एखादा मोठ्या माणसाचं बोलणं आदराने ऐकतो. पन्नास वर्षांच्या म्हाताऱ्या जालोनेही बाल्देला कधी असा मान दिलेला त्याने पाहिला नव्हता. जालो बाल्देशी नीट वागायला लागला, म्हणजे त्याने नातं सोडलं.

“काय झालंय?” त्याने विचारलं.

“यादी वर गेली. ओढ्यावर मेलेल्यांत एकाचा भाऊ आता तिथे मोठ्या जागेवर बसलाय. आज ट्रक येईल. तीस जणांना बाफाता शहरात न्यायचं आहे. नव्या सैन्यात नाव नोंदवायला, असं सांगायचंय.”

“तीस? एकतीस आहोत.”

“तुमचं नाव शेवटी होतं. कागदाची खालची कड मी फाडली. तेवढंच मला जमलं, भाऊ.”

“तू जालो आहेस.” येरोचा आवाज चिरकला. “तुला चालतं हे?”

“माझ्या हातून काही होणार नाही. मी पुलापर्यंतच जाणार, पुढे दुसरे येतील,” बोंको म्हणाला, आणि हे म्हणताना त्याने पहिल्यांदा वर बघितलं. त्याचे डोळे लाल होते. रात्रभर त्याने स्वतःला हेच समजावलं असणार. पुलापर्यंतच. असंही नातं पाळता येतं, आता बोला.

ट्रक तेवढ्यात आलाच. झाडाखाली माणसं जमायला लागली होती, कारण गावाच्या त्या अंगाला दवंडी आधीच फिरली होती: एका रात्रीचं अंथरूण घ्या, उद्या परत. येरो धावत पोचला तेव्हा वीसएक जण चढले होते. दोन टोकांना चार बंदूकवाले उभे होते, आणि हे बोंकोचे नव्हते, अनोळखी होते. बायका भाकरी बांधून देत होत्या. पोरं चाकांवर चढत होती. सांबेल फळीवर बसून पाय हलवत होता.

इथे ओरडून सांगावं तर या गर्दीत गोळ्या सुटतील. येरोने आवाज शक्य तितका साधा ठेवला.

“सांबेल, उतर. आईला बरं नाहीये तुझ्या.”

“मघाशी तर माझ्याशी भांडत होती हो, मामा. ठणठणीत आहे.”

“मी सांगतोय ना, उतर.”

“कोतोचं नाव यादीत नाही,” वरून मालाम म्हणाला. “म्हणून पोटात दुखतंय. उतर सांबेल, मामाला जागा दे.”

ट्रकभर हसू पसरलं. येरोने सांबेलचा पाय धरला आणि अगदी हळू, फक्त त्याला ऐकू जाईल असं म्हणाला, “हे तुम्हाला मारायला नेतायत.”

सांबेलचा चेहरा क्षणभर उतरला. त्याने ट्रकच्या पुढे बघितलं. तिथे बोंको जालो सायकलला टेकून उभा होता, पाठ करून. आणि मग, काय सांगावं, सांबेल मोठ्याने हसला.

“ऐकलंत का रे? मामा म्हणतायत, जालो आपल्याला मारणार आहे.”

“जालोला मारता येत असतं,” मालाम ओरडला, “तर आधी स्वतःच्या उवा मारल्या असत्या.”

मग सगळ्यांनीच सुरुवात केली. चोर, शेळ्या, आजोबाची शेपूट तुटलेली गाय, एकामागून एक. प्रत्येक टोल्याला टाळ्या पडत होत्या. बोंकोची पाठ हलली नाही. “बघा, आज बोलती बंद झालीय त्याची,” असं म्हणून ते आणखी चेकाळले. येरो ओरडत होता, खरंच सांगतोय, देवाची शप्पथ. पण थट्टेत देवाचीही शपथ घेतात, आणि जितकं तोंड गंभीर करावं तितकी थट्टा रंगते. त्यांना खरं वाटू नये याची सगळी सोय त्यानेच करून ठेवली होती. सांबेलने आपला पाय हलकेच सोडवून घेतला आणि मामाच्या डोक्यावरची टोपी नीट केली.

ट्रक निघाला. तो वळणाआड गेल्यावरही हसण्याचा आवाज थोडा वेळ येत होता.

येरो झाडाखाली बसला. किती वेळ बसला त्यालाच ठाऊक नाही. कुम्बा शोधत आली, तिच्या हातात सांबेलची चादर होती.

“विसरला बघ पोरगा. आता रात्री काय पांघरेल?” ती म्हणाली. मग भावाचा चेहरा बघून थांबली. “दादा, काय झालं? बायका म्हणतात तू ट्रकपाशी आरडाओरडा करत होतास. कुठे नेलंय त्यांना?”

येरोने सांगायला तोंड उघडलं. आजवर त्याने हिच्यापासून काहीच लपवलं नव्हतं.

“बाफाताला. नावं नोंदवायला,” तो म्हणाला. “उद्या संध्याकाळपर्यंत येतील.”

“मग ठीक आहे,” कुम्बा म्हणाली आणि चादरीची घडी घालत घरी गेली. तिने पुन्हा काही विचारलं नाही. दादाने सांगितलं म्हणजे झालं, असंच ती आयुष्यभर मानत आली होती.